बाकी तीन पॉइंट तीन

दगड आला गुजरातहून, लाकडी खोक्यात,
भुश्शात, आंबा यावा तसा.
दीड इंच रुंद, तीन इंच लांब,
वालुकाश्माची एक कांडी.
बाहेरून कोरडी ठणठणीत. नाकाशी धरली तर
आत कुठंतरी रॉकेलचं जुनं दुकान.

सोलापूरच्या पोटात असलं काही नाही.
इथं काळा पाषाण, आणि त्याच्याखाली काळा पाषाण,
बोअर मारणाऱ्यांना विचारा.
तरी अक्कलकोट रोडला, बंद सूतगिरणीमागच्या शेडमध्ये
आम्ही चौघं तेल काढतो.
पिंपानं नाही, थेंबानं.

गॅस मात्र आपल्याकडचा.
मळी आंबताना यीस्ट जो श्वास टाकतं, तोच;
मंगळवेढ्याकडच्या डिस्टिलरीतून टेम्पोत येतो,
सिलिंडरला काथ्याची दोरी, वर ओलं पोतं,
कारण बाहेर त्रेचाळीस आहे आणि एप्रिल अजून संपायचाय.

आधी दगडाला खारं पाणी पाजायचं, मग त्याचंच तेल
त्याला परत प्यायला द्यायचं: बारा मिली.
मग पोलादी नळीत, रबरी बाहीत आवळून
सत्तर अंशांच्या भट्टीत ठेवायचं.
मग पाणी ढकलायचं.
पाच पॉइंट सहा आलं. पुढं पाणीच पाणी.
उरलेलं तेल भोकाभोकांत बसून राहिलं,
कर्फ्यूतल्या माणसांसारखं, कड्या लावून.

अंबादास यमुल, आमचे मामा,
छत्तीस वर्षं पॉवरलूमवर जॉबर.
कानांत माग अजून चालूच,
त्यामुळे गळतीची शीळ त्यांना ऐकू जात नाही.
ते दाढीच्या ब्रशानं प्रत्येक जोडाला फेस लावतात
आणि स्टुलावर बसून बघतात. बघतच राहतात.
एक फुगा, मोहरीएवढा.
"हितं हाय ओ, बाई."
पाना अर्धा आटा. बस.

पहिल्या खेपेला लाइट गेली, दाब पडला,
नऊ दिवस वाया.
दुसऱ्या खेपेला एकशे चाळीस बारवर
गॅस गॅस राहिला नाही, पाणीही झाला नाही,
मधलंच काहीतरी होऊन दगडात शिरला.
मिनिटाला मिलीचा दहावा हिस्सा.
आम्ही डबे उघडले. कडक भाकरी, शेंगाचटणी.
चटणीचं तेल बोटांना लागलेलं, ते मामांनी बघितलं,
मग काचेच्या नळीकडं बघितलं.
"कुटलं की तेल सुटतंय. ह्याला कुटत का न्हाई?"
मी म्हटलं, हे दोन किलोमीटर खाली असतं, मामा.
हसले. खोकले. बराच वेळ खोकले.

संध्याकाळी साडेपाचला तेल फुगलं, पातळ झालं,
आणि नळीच्या तोंडाशी एक तपकिरी थेंब
पडू की नको करत थांबला.
"येऊलालंय!" मामा एवढ्यांदा ओरडले
की गेटवरचा वॉचमन आत आला.

पहाटेपर्यंत तीन पॉइंट एक.
गॅसपैकी काही नळीतून परत आला, काही आतच राहिला.
किती राहिला, त्यालाही आता रकाना आहे;
कंपनीला दोन्ही आकडे हवे असतात,
काढलेल्याचा आणि पुरलेल्याचा.
त्या तेलाचा पुढं धूर होईल, त्याला रकाना नाही.
हे मी सरांना विचारलं. सर म्हणाले, विषय चांगला आहे,
पुढच्या प्रस्तावात बघू.

उरलेलं: तीन पॉइंट तीन. ते येत नाही.
"दाब वाढवा की," मामा म्हणाले.
वाढवला तरी काही राहतंच.
ते गप्प झाले. मागच्या महिन्यात सिव्हिलमध्ये
त्यांनाही नळीत फुंकायला लावलं होतं;
कागदावर आलं, किती हवा आत जाते, किती बाहेर येते.
छातीत कापूस किती, ते आलं नाही.

दाब उतरवला, कांडी बाहेर काढली.
कोमट, काळपट, घामेजलेली,
अंगभर बारीक बुडबुडे, फसफस.
मामांनी ती चादरीच्या तुकड्यात धरली
आणि उजव्या कानाशी नेली, त्यांच्या बऱ्या कानाशी.
काय ऐकू येतंय?
"माग," म्हणाले.

वहीत वेळ लिहिली, तापमान लिहिलं.
ते लिहिलं नाही.