पाकीट क्रमांक एकेचाळीस

ओर्सू-सान्तूनं सुया खुडल्या,
दोन-दोन जोडलेल्या,
पाकिटात टाकताना म्हणाला,
"हे तर आमचंच झाड. वारा शिरला की कळतं."

बापानं पाठीवरून आणलेलं रोप,
एकोणीसशे चौपन्न, बर्फ वितळताना.
आता दोघांच्या कवेत मावत नाही.

नदीचं मूळ, ऋषीचं कूळ विचारू नये;
झाडाबद्दल कुणी काही सांगून ठेवलेलं नाही,
म्हणून मी विचारलं.
सुया गोठवल्या, कुटल्या,
रात्रभर यंत्र गुणगुणलं.
पडद्यावर जनुकांची शिखरं उगवली,
त्यातली तीन कोर्सिकाची नव्हती.
समुद्रापलीकडची, ऑस्ट्रियन पोटजात.
कुठल्याशा रोपवाटिकेत
बियांची पोती बदलली असणार.

कागद त्याच्या हातात दिला.
त्यानं वाचला,
चष्मा पुसून पुन्हा वाचला,
चौघडी घालून खिशात ठेवला.
मग खोडावरची राळ नखानं उकरत म्हणाला,
"आणि माझं पाकीट केलंस तर?"

माझ्याकडे त्याचा क्रमांक नव्हता.
वर शेंड्यात वारा शिरला.
तो कान देऊन उभा राहिला
बराच वेळ,
टोपी हातात धरून.