चारशे पावलं मुरूम

डांबरी सोडली की बोरामणीतल्या आमच्या पोल्ट्रीपर्यंत
चारशे पावलं मुरूम.
त्याला पत्र्यासारख्या पन्हाळी पडल्यात.
दस्तगीर टेम्पोतले ट्रे उतरवताना
फुटलेली अंडी वेगळी मोजतो,
आकडा माझ्याच वहीत लिहितो,
खाली सही करतो. बोलत काही नाही.

म्हणून गेले अक्कलकोट रोडला,
मल्लिनाथ बिराजदारच्या शेडमध्ये.
दुपारचे दोन. सावलीतलं लोखंडसुद्धा
भाकरी टाकावी इतकं तापलेलं.

"हे मागचं ब्लेड घ्या. स्वस्तात स्वस्त.
तिरकं हुतंय, मुरूम कडेला सारतंय."
सारतंय खरं.
पण ट्रॅक्टरचं पुढचं चाक उंचवट्यावर चढलं
की मागं पातं खाली जाऊन खातं,
चाक खड्ड्यात उतरलं की पातं हवेत.
गेल्या साली दिरांचं आणून पाहिलं होतं.
एका लाटेच्या मी दोन केल्या.

"मग रोटाव्हेटर?" कोपऱ्यातला पोऱ्या म्हणाला.
मल्लिनाथनं त्याच्याकडं नुसतं पाहिलं.
मुरमाखालची काळी माती एकदा वर आली
की जूनपासून अंडी डोक्यावरून न्यायची.

मग पेटी. तीन बाजूंनी बंद, पुढं पाच दाते.
आधी उकरते, पोटात घेते, खड्डा आला की ओतते.
मला आवडली. सासूबाईंचा स्वभाव:
टोचायचं आधी, मग पदरचं घालून भरून काढायचं.
पण रिकामीच साडेतीनशे किलो,
माझा ट्रॅक्टर अठ्ठावीस हॉर्सपॉवरचा,
आणि हायड्रॉलिकच्या दांड्यावरचा हात
क्षणभर काढायचा नाही म्हणे.
माझा एक हात कायम फोनवर, खाद्यवाल्याशी भांडत.

शेडच्या मागं गवतात काहीतरी पडलं होतं.
नऊ फुटांच्या दोन पट्ट्या, शिडी आडवी टाकावी तशा,
मध्ये दोन पाती, तिरकी.
"ते राहू द्या. एका मंगल कार्यालयानं करून घेतलं,
मग त्यांनी फरशीच घातली. वळायला लई जागा लागते."

मी ओढणीला घरूनच गाठी मारून आणल्या होत्या,
खड्ड्यापासून खड्ड्यापर्यंत.
पट्टीवर ओढणी धरली. साडेतीन गाठी बसल्या.
आखूड पातं खड्ड्याचं ऐकतं.
हे ऐकणार नव्हतं.

मल्लिनाथनं पाच हजार सोडले, दोन पिना जादा दिल्या,
पोऱ्याला कन्नडमध्ये म्हणाला,
बाई माप घेऊन आलीय, गप भर.
मी कन्नडमध्येच म्हणाले, ग्रीसही लाव.

तीन फेऱ्या. मध्ये चार बोटं माथा ठेवला,
पाणी दोन्हीकडं जावं म्हणून.
शेजारच्या तुरीवर धूळ बसली, तुळसाबाईनं दोन शब्द सुनावले.
दुसऱ्या दिवशी दस्तगीरनं वहीत शून्य काढलं,
जरा मोठं, आणि सही केली.

रात्री मात्र झोप येईना.
इतकी वर्षं अंथरुणातून कळायचं:
बोरीपाशी धडधडलं तर खाद्याची गाडी,
मडगार्ड किणकिणलं तर उत्कर्ष, कामावरून.
आता तो दारात येऊन उभा राहतो
आणि कुत्रंसुद्धा मान उचलत नाही.
एकदा किती वेळ उभा होता, कोण जाणे.
मी उठले तेव्हा बूट हातात घेऊन
उंबऱ्यावर बसलेला. काय झालं, सांगितलं नाही.

या महिन्यात पुन्हा रस्ता ओढला.
बोरीपाशी आले
आणि दांडा वर उचलला.
दोन हातभर जागा. पुढं परत टेकवला.

दस्तगीर तिथं कडेनं घेतो.
परवा वहीत: एक.
सही.