होल वॉच

रुवैस. टाकी नंबर सातच्या तोंडाशी मी बसतो.
आत तिघे: बशीर, ओलीराम थापा
आणि आमच्या गुहागरचा सुभान परकार.
त्यांची कार्डं माझ्या फळ्यावर,
श्वास गहाण ठेवल्यासारखी.

मीटर म्हणतो, वीस पूर्णांक नऊ.
साडेएकोणीसच्या खाली गेला की ओरडायचं,
एवढीच माझी नोकरी.

सेफ्टीच्या वर्गात सांगितलं होतं:
छातीत तीस कोटी फुगे,
भिंत केसाच्या शंभराव्या हिश्श्याची.
पलीकडून रक्त येतं, एकेक पेशी रांगेत,
पाऊण सेकंद टेकतं,
कोंदट ते देतं, ताजं ते घेतं, निघतं.
ना शिक्का, ना कफील.
प्राणवायू जास्तीकडून कमीकडे जातो, बस्स.

आम्ही उलटे.
कमीकडून जास्तीकडे आलो.

दुपारी सुभान बाहेर आला.
मास्क गळ्यात, भुवयांवर गंज,
गुडघ्यांवर हात टेकून
नुसता आत-बाहेर, आत-बाहेर.
मी कार्ड पुढे केलं.
"थांब रे," म्हणाला, "फुकटचा हाय, घेऊ दे जरा."

खाडीवरून भट्टीसारखा वारा येत होता.
तोच तो घेत होता, चवीनं.
मी मोजले, अकरा श्वास.

फळ्यावर अजून दोन कार्डं.