शिशाची आठवण

एम. वाय.मध्ये चौतीस वर्षं औषधं मोजली,
आता मोटारसायकलला देतो.
बारा लिटर पेट्रोल, बारा मिली औषध,
सुई काढलेल्या सिरिंजमधून.
टाकीच्या तोंडाशी हात अजून हलत नाही.

बाटलीवर लिहिलंय: शिशाला पर्याय.
वास रॉकेल आणि नेलपॉलिशच्या मधला कुठला तरी.
रामबागेतले शेजारी खिडकी लावून घेतात,
गाडी सुरू झाली की बघायला उघडतात.

महूच्या लिलावात घेतलेली. फौजेचा हिरवा रंग
टाकीच्या पोटाखाली अजून आहे, खरवडला तर.
वॉल्व्हच्या बैठका ओतीव लोखंडाच्या,
पन्नास वर्षं त्यांच्यावर पेट्रोलमधल्या शिशाचा
पातळ लेप बसत गेला.
मग शिसं बंद झालं. बरंच झालं,
रस्त्याकडेच्या पोरांच्या रक्तात निघत होतं ते.
लोखंड तेवढं उघडं पडलं.

टॅपेटची फट मोजतो. बारा थाऊ. मग अकरा.
एका उन्हाळ्यात, जाम गेटपर्यंत तापवत नेली तेव्हा,
आठ.
वॉल्व्ह आपल्याच बैठकीत बुडत चाललेला.

छावणीतल्या सलामत उस्तादांनी कान लावला.
"घबराओ मत भिया,
पुराने लोहे को सीसा याद रहता है."

आप्पा कंपोझिटर होते, मल्हारगंजातल्या छापखान्यात.
उलटी अक्षरं सुलटी वाचायचे,
खिळा ओठांत धरून खिशात विडी शोधायचे.
हसले की हिरड्यांवर निळी रेघ.
मला वाटायचं, शाई.
कंपाउंडरच्या पुस्तकात त्या रेघेचं कारण सापडलं
तोवर त्यांचं मनगट गळालं होतं,
'ळ'चा खिळा चिमटीत धरवत नव्हता.
हाडात साठलेलं शिसं लवकर निघत नाही,
असंही त्याच पानावर होतं. एका ओळीत.

उस्ताद म्हणतात, कडक बैठका बसवून देतो,
मग ना शिसं लागेल ना पर्याय.
पुढच्या महिन्यात, मी म्हणतो.
तीन दिवाळ्या झाल्या.

आज फट अकरा.
फिलर पुसून डब्यात ठेवतो, आप्पांच्या स्टिकशेजारी.
तिच्यात अर्धी जुळवलेली एक ओळ अजून आहे,
उलटी. मला धड वाचता येत नाही.
हात लागला की साबणाने दोनदा धुतो

आणि मग किक मारतो.