रद्द, ठीक आहे

देवगडच्या जेटीवर, बर्फाच्या फॅक्टरीच्या भिंतीला
पाठ लावून बसलो. मांडीवर लॅपटॉप.
पावणीचं ॲप. आज गुलाबी तारी
पहिल्यांदा वापरणार.

लिहायची चौकट मी स्वतः काढली होती,
होडीच्या फळीचा रंग, कोपरे गोल,
आत लुकलुकणारा कर्सर.
दीड महिना त्यातच गेला.

तिनं 'म्हाकूल' लिहायला घेतलं.
म सुटला, त्याचा पाय मोडून लोंबत राहिला,
ह पलीकडे, काना आणखी पलीकडे,
आणि ऊकार एका टिंबाटिंबांच्या वर्तुळावर
एकटाच जाऊन बसला.
"म्हाकलाक काटो नसता रे," ती म्हणाली,
"ह्येची तर हाडां भायर इली."

मग कीबोर्ड वर आला, उधाणासारखा,
माझी चौकट खडपासारखी खाली गेली.
ती कुठे लिहितेय
तिलाही दिसेना, मलाही.

रात्री लॉजवर सगळी पुसली.
फळीचा रंग, गोल कोपरे, कर्सर.
चारशे ओळी गेल्या, त्यांच्या जागी एक:
फोनलाच सांगितलं, बाबा, तूच विचार,
उत्तर आलं की मला हाक मार.

दुसऱ्या दिवशी साधा पांढरा चौकोन उघडला.
खाली दोन शब्द, रद्द आणि ठीक आहे.
कीबोर्ड आला तसा चौकोन
आपणहून वर सरकला, जागा देत.
"ह्यो माझ्या वळखीचो."
म्हाकूल अख्खं उतरलं,
कर्लीसुद्धा, रफारासकट.

शेऱ्याच्या जागी तिचं बोट थांबलं.
फोननं सवयीनं तीन शब्द पुढे केले:
जेवलास. कधी. येतलस.
रोज रात्री ती मस्कतला सर्वेशला लिहिते,
त्याच बोटांनी, त्याच कीबोर्डवर.
त्याला काय माहीत ही पावणी आहे.

मागे बोली चढत होती,
बाराशे, साडेबाराशे, कोणीतरी टोपलीला लाथ मारली.
ती बघतच राहिली.
मी मान वळवली. तसंही
त्या चौकोनात काय चाललंय
माझ्या ॲपला कधीच दिसत नाही.
कोणी ठीक आहे म्हटलं, तर जेवढं दिलं
तेवढंच हाती येतं.

तिनं रद्द दाबलं.

माझ्याकडे काहीच आलं नाही.
आणि काहीच आलं नाही तर काय करायचं
ती ओळ लिहायची राहून गेली होती.
ॲप तिथेच थांबलं,
तिच्यासोबत.