काळीज आणि पीस

बापट कॅम्पात शाडूला वास सुटलाय,
गणपती अजून चार महिने लांब.
मी कोल्ह्याचं तोंड घडवतेय.
दिगूकाका दारातनंच, "काय गं,
हे कुत्रं कुणाच्या नवसाचं?"
म्हटलं, मेलेल्याचं काळीज तोलणारा देव आहे,
नाईलकाठचा.
"मग जरा हसरा कर की."

तराजू गुजरीतला, पारिसण्णांचा,
बुधवारी परत द्यायच्या बोलीवर.
एका पारड्यात पीस.
शहामृगाचं कुठनं आणू?
पंचगंगेच्या घाटावर, अण्णांच्या दहाव्याला
तासभर ताटकळवून
शेवटी जो पिंडाला शिवून उडाला,
त्याचं गळालेलं. वहीत ठेवलं होतं.

दुसऱ्यात काळीज. ओल्या मातीचं, मुठीएवढं.
पारडं खाली आपटलं.

रोज बघते. माती वाळतेय,
पारडं केसभर उचलतंय.
अण्णा म्हणायचे, सावलीत वाळू दे,
घाई केलीस तर तडकंल.

मंगळवार, रात्र.
काळजाला बारीक चीर गेलीय.
पीस अजून वरच.
काका आत आले, चष्मा पुसला,
बोट पाण्यात बुडवून
चिरेवरनं फिरवलं, दोनदा.

पारडं परत खाली.