अर्धा ठोका उशिरा

मायनर्स फील्ड पाडलं तेव्हा मी गावात नव्हते.
धाकट्या बहिणीनं फोनवर सांगितलं,
"दोनच दिवस लागले. काँक्रीट आतून भुसा झालं होतं."
मग तिनं टोमॅटोचा विषय काढला.

आम्हाला कुठे ठाऊक होतं, भुसा होतोय ते.
आम्ही त्याच पायऱ्यांवर डोकं टेकून झोपायचो,
बसमधून उतरलेली साठ-सत्तर पोरं
सस्क्वेहानाकाठच्या कोळशाच्या गावांतली.
जुलै महिना, अंगात लोकरीचा कोट,
टोपीवर पिसांचा तुरा,
पोटात सेंट कॅसिमिरच्या बायकांनी बांधून दिलेलं
अंड्याचं कोमट सँडविच.

घोड्याच्या नालासारखं स्टेडियम, एक बाजू उघडी.
तिथून वारा यायचा,
आणि मालगाडी, नेमकी आमच्या हळू सुरांच्या वेळी.
ऑर्झेल सर म्हणायचे, तिला दुसऱ्या पथकानं पैसे दिलेत.

चौतीस नंबरच्या बाकाला एक खिळा होता.
दर वर्षी कुणाची तरी विजार त्यानं घेतली.
तो ठोकून बसवावा असं
कुणालाच का वाटलं नाही, कोण जाणे.

माझ्याकडे झांजा होत्या.
आणि समोर ती उंच भिंत,
आमचा प्रत्येक ठोका परत पाठवणारी
अर्धा ठोका उशिरा,
जसं काही पलीकडे आमच्यासारखंच एक पथक
आमच्या मागोमाग चालतंय, जरासं दमलेलं.
नवी पोरं तिला भुलायची,
ड्रम एकीकडे, बिगुल भलतीकडेच.
ऑर्झेल सरांचा एक कान खाणीत गेलेला,
ते दुसऱ्या कानाच्या जोरावर ओरडायचे:
"भिंतीचं ऐकू नका!
ती खोटं बोलत नाही, पण उशिरा बोलते.
हात बघा. थॅडियसचा हात बघा."

आम्ही हात बघायचो.
पांढरा हातमोजा, अंगठ्यापाशी उसवलेला,
त्याच्या आईनं काळ्या दोऱ्यानं शिवलेला.
तेरा मिनिटं माझं सगळं जग
त्या काळ्या टाक्यावर उभं असायचं.
वर दिव्यांभोवती पतंगांचा धूर.

परीक्षक कागद घेऊन आमच्यातच फिरायचे.
गुडघ्यात वाकायचे, काठ्यांच्या टोकाशी कान न्यायचे.
चूक सापडली की पेन्सिलीची एक खूण,
एक दशांश गुण गेला.

त्र्याहत्तरच्या ऑगस्टात आम्ही एका दशांशानं हरलो.
लिओनाच्या हातून लाकडी बंदूक निसटली होती,
सगळ्या स्टेडियमनं पाहिलं होतं.
बसमध्ये कुणी तिच्या शेजारी बसलं नाही.
मी बसले.
मी तिला माझं जॅकेट दिलं, पाणी दिलं,
आणि हे सांगितलं नाही
की शेवटच्या वळणावर माझी नजर हातावरून ढळली,
मी भिंतीचं ऐकलं,
आणि झांज तिच्यासोबत वाजवली, आपल्या माणसांसोबत नाही.
शेजारच्या परीक्षकानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं होतं.
मग पेन्सिल.

लिओना आता फ्लॉरिडात असते. नाताळला कार्ड येतं.
दर वर्षी शेवटी तेच वाक्य,
"तू त्या रात्री माझ्याजवळ बसलीस."

गेल्या शरदात मी जाऊन आले.
पन्नास यार्डांच्या रेषेवर आता टायरचं गोदाम आहे.
मालगाडी अजून जाते, वेळ बदललीय.
मी गाडीतून उतरले, इकडेतिकडे पाहिलं,
आणि एक टाळी वाजवली.
जोरात. एकच.
वाट पाहिली, अर्धा ठोका,
मग पुरते चार.

गोदामातला पोरगा बाहेर आला. "काही हवंय?"
काय सांगणार?
म्हटलं, पुढच्या टायरमधून हवा जातेय बहुतेक.

तो गुडघ्यात वाकला,
टायरला कान लावला,
बराच वेळ तसाच राहिला, डोळे मिटून.
"नाही," म्हणाला, "मला तर काही ऐकू येत नाही."